झुरिकचा नकार आणि आराऊचे वर्ष

१८९५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील संघीय पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेस एक साडेसोळा वर्षांचा मुलगा बसला. इतर उमेदवारांपेक्षा तो लहान होता. प्रवेशासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागत, आणि त्याची तर सतराही अजून पूर्ण व्हायची होती. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ नव्हते, कारण शाळा त्याने मध्येच सोडली होती. परीक्षा संपली, निकाल लागला आणि त्याला प्रवेश नाकारण्यात आला. या मुलाचे नाव अल्बर्ट आइन्स्टाइन.

ही हकिकत सर्वांच्या ऐकिवातली आहे; पण ती बहुधा चुकीच्या रूपात सांगितली जाते. आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता, असे म्हणून मुलांची समजूत घालण्याची रीत आपल्याकडेही आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत त्याने परीक्षकांना चकित केले होते. तो पडला तो इतर विषयांत. त्या नकारानंतर जे एक वर्ष गेले, त्याची गोष्ट गणितातल्या नापासाच्या दंतकथेपेक्षा अधिक बोधप्रद आहे.

अल्बर्टचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या गावी झाला. तो वर्षाचा असतानाच कुटुंब म्युनिकला आले. वडील हेर्मान आणि काका याकोब यांनी तेथे विद्युत उपकरणांचा कारखाना काढला. घरात डायनॅमो, दिवे आणि तारा यांविषयीची बोलणी नित्याची होती. चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी दाखवलेल्या होकायंत्राची सुई कोणी न ढकलता दिशा धरते, याचे त्याला वाटलेले नवल आयुष्यभर टिकले. मॅक्स टाल्मूड नावाचा एक गरीब वैद्यकीय विद्यार्थी आठवड्यातून एकदा घरी जेवायला येई आणि येताना विज्ञानाची पुस्तके आणी. बाराव्या वर्षी अल्बर्टच्या हाती भूमितीचे पुस्तक पडले. पुढे कलनशास्त्रही तो स्वतःच शिकला, आणि गणितात टाल्मूडला त्याच्या बरोबरीने चालणे अशक्य झाले.

शाळेशी मात्र त्याचे सूर जुळले नाहीत. म्युनिकच्या लुइटपोल्ड गिम्नाझियममधली शिस्त, घोकंपट्टी आणि शिक्षकांचा अधिकारी थाट त्याला असह्य होई. अशातच घरावर संकट आले. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत आइन्स्टाइन बंधूंचा कारखाना टिकेना; म्युनिक शहराच्या दिव्यांचे कंत्राट दुसऱ्यांकडे गेले. १८९४ मध्ये कुटुंबाने गाशा गुंडाळून उत्तर इटलीची वाट धरली. शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून पंधरा वर्षांच्या अल्बर्टला म्युनिकमध्येच मागे ठेवण्यात आले.

तो तेथे रमला नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने डॉक्टरांकडून मानसिक थकव्याचा दाखला मिळवला, शाळा सोडली आणि तो न कळवताच आईवडिलांच्या दारात येऊन उभा राहिला. त्या घरात तेव्हा काय वातावरण झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. वडिलांचा धंदा डळमळीत, मुलाजवळ शाळेचे प्रमाणपत्र नाही, आणि वर तो जर्मन नागरिकत्वही सोडू म्हणत होता. सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी देश सोडला आणि नागरिकत्वाचा त्याग केला, तर लष्करी सेवा टळणार होती. हवालदिल आईवडिलांना त्याने एक आश्वासन दिले: आपण घरीच अभ्यास करू आणि शरद ऋतूत झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेशपरीक्षा देऊ. त्या संस्थेची ख्याती मोठी होती, आणि शालान्त प्रमाणपत्र नसलेल्यांनाही परीक्षा देऊन तेथे प्रवेश मिळवता येत असे. सारी भिस्त आता त्या एका परीक्षेवर होती.

पाविया येथील ते महिने अल्बर्टने आनंदात घालवले. तो पुस्तके वाची, कारखान्यात काकांना मदत करी आणि डोंगरांतून भटके. याच सुमारास चुंबकीय क्षेत्रातील ईथरच्या अवस्थेविषयी एक छोटा निबंध लिहून त्याने तो बेल्जियममधील मामा सेझार कॉख यांना पाठवला. इकडे वयाची अट आडवी येणार हे ओळखून झुरिकमधील गुस्ताव मायर या कौटुंबिक स्नेह्यांनी पॉलिटेक्निकचे प्रमुख प्राध्यापक अल्बिन हर्झोग यांना पत्र लिहिले आणि मुलाच्या असामान्य बुद्धीची ग्वाही दिली. हर्झोग यांचे उत्तर सावध होते. मुलगा कितीही बुद्धिमान म्हणवला जात असला, तरी सुरू असलेले शिक्षण पुरे होण्याआधी त्याला शाळेतून काढणे हितावह ठरत नाही, असा आपला अनुभव त्यांनी कळवला. तरीही आग्रह असेल तर वयाची अट शिथिल करून परीक्षेला बसू देण्याची तयारी त्यांनी दाखवली.

परीक्षा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. तिचे दोन भाग होते: एक गणित व विज्ञानाचा, दुसरा सर्वसाधारण ज्ञानाचा. पहिल्या भागातील गणित आणि भौतिकशास्त्र त्याला अवघड गेले नाही. पण ज्या विषयांकडे वर्षभर त्याने पाठ फिरवली होती, त्यांनी त्याचा घात केला. फ्रेंच भाषेची तर त्याला कायमच धास्ती असे. आवडेल ते आवडीने शिकावे आणि उरलेले सोडून द्यावे, या त्याच्या एकट्याच्या अभ्यासाची मर्यादा त्या दिवसांत उघडी पडली.

येथवरची कथा अनेक घरांत घडणारी आहे. हुशार म्हणून नावाजलेला मुलगा, त्याच्यावर लागलेल्या घरच्यांच्या आशा, मोठ्या संस्थेची परीक्षा आणि शेवटी यादीत नसलेले नाव. फरक पडला तो त्या नकाराबरोबर आलेल्या दोन गोष्टींमुळे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिश वेबर यांनी त्याला निरोप धाडला, की झुरिकमध्ये राहणार असलास तर माझ्या व्याख्यानांना येऊन बसायला हरकत नाही. आणि हर्झोग यांनी त्याला घरी न पाठवता नेमका रस्ता दाखवला: झुरिकच्या पश्चिमेस असलेल्या आराऊ गावी जा, तेथील कँटोनल शाळेत शेवटचे वर्ष पुरे कर, शालान्त परीक्षा दे आणि मग ये.

वेबर यांच्या निरोपात मानाची खूण होती. प्रवेश न मिळालेल्या मुलाला प्राध्यापकाने आपल्या वर्गात बसण्याचे आमंत्रण द्यावे, ही साधी गोष्ट नव्हे. हर्झोग यांच्या सल्ल्यात मात्र एक कडू घोट होता: ज्या शाळा नावाच्या गोष्टीपासून तो पळाला होता, तिच्याच बाकावर पुन्हा जाऊन बसायचे, आणि तेही न आवडणाऱ्या विषयांसाठी. अल्बर्टने दुसरा मार्ग पत्करला. ऑक्टोबर संपण्यापूर्वी तो आराऊच्या शाळेत दाखल झाला.

आराऊची शाळा म्युनिकच्या शाळेसारखी निघाली नाही. त्या भागावर पेस्टालोझी या स्विस शिक्षणचिंतकाच्या विचारांचा प्रभाव होता. मुलाने आधी स्वतः पाहावे, मनात चित्र उभे करावे आणि मग निष्कर्षाला यावे, अशी ती दृष्टी. शाळेतील प्रयोगशाळा सुसज्ज होती, आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक आउगुस्ट टुशश्मिट यांच्याविषयी अल्बर्टला आदर वाटे. शिक्षकांना पदाचा दरारा दाखवावा लागत नसे. ते मुलांशी विचारांच्या पातळीवर बोलत. आपले भांडण शिकण्याशी नव्हते, शिकवण्याच्या एका रीतीशी होते, हे त्याला येथे उमगले.

शाळेइतकेच मोलाचे ठरले ते विंटेलर कुटुंब. योस्ट विंटेलर हे त्याच शाळेत शिकवत. त्यांच्या घरी अल्बर्ट पैसे देऊन राहणारा विद्यार्थी म्हणून आला आणि थोड्याच दिवसांत घरचा झाला. सात मुलांचे ते भरलेले घर. जेवणाच्या टेबलावर चर्चा, संध्याकाळी वाचन आणि संगीत, सुटीच्या दिवशी लांबवर पायपीट. योस्ट यांची उदारमतवादी मते आणि लष्करशाहीविषयीची नावड त्याच्या मनाला पटली. त्यांच्या पत्नी पाउलिना यांना तो दुसरी आई मानू लागला. त्यांच्या मारी या मुलीवर त्याचे पहिले प्रेम जडले. ते टिकले नाही, पण घराशी जडलेले नाते टिकले. पुढे त्याची धाकटी बहीण माया ही विंटेलरांच्या पाउलशी विवाहबद्ध झाली, आणि त्याचा जिवलग मित्र मिकेले बेसो याने विंटेलरांच्या आनाशी लग्न केले.

आराऊत तो हसतखेळत राहिला, पण उनाडला नाही. सुरुवातीच्या नोंदीत फ्रेंच, रसायनशास्त्र आणि निसर्गविज्ञान या विषयांत तो मागे असल्याचे लिहिलेले आढळते. त्यांसाठी त्याला वेगळी शिकवणी लावण्यात आली. जेथे पाय घसरला होता, नेमक्या त्याच पायऱ्या त्याने पुन्हा चढायला घेतल्या. व्हायोलिन हा त्याचा विसावा होता. १८९६ च्या मार्चमधील शाळेच्या संगीत परीक्षेत त्याने वाजवलेल्या बीथोव्हेनच्या सोनाटातील भागाची निरीक्षकांनी आपल्या अहवालात नावानिशी प्रशंसा केली.

त्याच वर्षी त्याच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. प्रकाशाच्या लहरीमागे प्रकाशाच्याच वेगाने धावता आले तर काय दिसेल? लहर जागच्या जागी थिजल्यासारखी दिसायला हवी; पण तसे काही कोणी पाहिलेले नाही, आणि विद्युतचुंबकीय सिद्धान्तातही ते बसत नाही. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता आणि त्याचे उत्तर देण्याइतके ज्ञानही त्याच्याजवळ नव्हते. परंतु स्पर्धेच्या धावपळीतून बाहेर पडलेल्या त्या वर्षात असा प्रश्न मनात बाळगण्याइतकी स्वस्थता त्याला लाभली. विशिष्ट सापेक्षतेच्या सिद्धान्ताचे बीज येथे पडले.

जानेवारी १८९६ मध्ये त्याचे जर्मन नागरिकत्व संपुष्टात आले आणि पुढची पाच वर्षे तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता. सप्टेंबरमध्ये शालान्त परीक्षा झाली. फ्रेंचच्या उत्तरपत्रिकेत त्याने आपल्या भावी बेतांविषयी निबंध लिहिला: पॉलिटेक्निकमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचे आणि पुढे शिक्षक व्हायचे. भाषा चुकांनी भरलेली होती, बेत मात्र स्वच्छ होता. प्रमाणपत्रावर बीजगणित, भूमिती, भौतिकशास्त्र आणि इतिहास यांत सहापैकी सहा गुण आहेत, रसायनशास्त्रात आणि निसर्गविज्ञानात पाच, फ्रेंचमध्ये तीन. त्याच वर्षी शाळेने गुणांची पद्धत उलटी केली होती: आधी एक हा सर्वोत्तम गुण असे, नंतर सहा. गणितातील नापासाच्या दंतकथेला या उलथापालथीनेही हातभार लावला असावा.

ऑक्टोबर १८९६ मध्ये, ठीक एका वर्षाने, तो पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. आता प्रवेशपरीक्षेची गरज नव्हती; शालान्त प्रमाणपत्र पुरेसे होते. अठरा पूर्ण व्हायला अजूनही काही महिने बाकी होते. ज्या वर्षासाठी त्याने आटापिटा केला होता, ते वाचले नाही आणि वायाही गेले नाही.

गोष्ट येथेच थांबवली असती तर ती सुखान्त ठरली असती. परंतु नकार आयुष्यात एकदाच येत नाही. पॉलिटेक्निकमध्ये जुना स्वभाव पुन्हा वर आला. आवडत्या विषयांपायी तो तासांना दांड्या मारी, आणि परीक्षेच्या वेळी मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या नीटनेटक्या वह्या त्याला तारून नेत. प्रात्यक्षिकांतील हयगयीबद्दल त्याला अधिकृत समज मिळाली. एके काळी वर्गात बोलावणाऱ्या वेबर यांच्याशीही त्याचे बिनसले. जुलै १९०० मध्ये तो पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच्या वर्गातील इतर उत्तीर्ण विद्यार्थ्यांना सहायकाच्या जागा मिळाल्या, त्याला मात्र कोणी घेतले नाही.

पुढची दोन वर्षे आइन्स्टाइन यांची सर्वांत कठीण वर्षे होती. त्यांनी अनेक ठिकाणी प्राध्यापकांना पत्रे लिहिली. लाइपझिगचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडून उत्तर आले नाही. लायडेनच्या कामरलिंग ओनेस यांना उत्तरासाठी जोडकार्ड पाठवले होते. ते कोरेच राहिले. एप्रिल १९०१ मध्ये हेर्मान आइन्स्टाइन यांनी मुलाला न कळवता ओस्टवाल्ड यांना एक पत्र लिहिले. आपला मुलगा मनातून खचत चालला आहे, शक्य तर नोकरी द्यावी, नाहीतर निदान दोन उत्तेजनाचे शब्द तरी लिहावेत, अशी ती एका बापाची विनंती होती. तिलाही उत्तर आल्याचे दिसत नाही. याच ओस्टवाल्ड यांनी १९१० मध्ये नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइन यांचे नाव सुचवले, हा पुढचा दैवयोग. पण तो पाहायला हेर्मान उरले नव्हते.

त्याच वर्गात मिलेवा मारिच ही सर्बियन विद्यार्थिनी होती. आइन्स्टाइन यांच्याशी पुढे तिचा विवाह झाला. त्या काळात एका स्त्रीने तेथवर पोहोचणे हेच मोठे धाडस होते. १९०० च्या पदवी परीक्षेत ती अनुत्तीर्ण झाली, आणि १९०१ मध्ये, गर्भवती असताना, पुन्हा. तिच्यासाठी कोणी आराऊ सुचवले नाही. तिचे विज्ञानातील स्वप्न तेथेच संपले. नकारातून माणसे घडतात, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या दोन सहाध्यायांची आयुष्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

आइन्स्टाइन यांच्यासाठी दार उघडले ते पुन्हा एका माणसाने. ग्रोसमान यांनी आपल्या वडिलांजवळ शब्द टाकला. वडिलांनी बर्नच्या पेटंट कार्यालयाचे संचालक फ्रिडरिश हालर यांच्याकडे शिफारस केली. मधल्या काळात विंटरथुर आणि शाफहाउझन येथे आइन्स्टाइन यांनी तात्पुरती शिकवण्याची कामे केली. अखेर जून १९०२ मध्ये ते तृतीय श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून पेटंट कार्यालयात रुजू झाले. पगार वर्षाला ३५०० फ्रँक होता. त्याच ऑक्टोबरात मिलानमध्ये वडिलांचे निधन झाले. मुलगा नोकरीला लागला, एवढेच त्यांनी पाहिले.

तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, त्या कार्यालयातील कामानंतरच्या वेळात लिहिलेले लेख प्रसिद्ध झाले: प्रकाशाच्या पुंजांविषयी, द्रवातील सूक्ष्म कणांच्या हालचालींविषयी, आणि गतिमान पदार्थांच्या विद्युतगतिकीविषयी. यातील शेवटचा लेख म्हणजे आराऊत पडलेल्या प्रश्नाचे दहा वर्षांनंतरचे उत्तर. त्या लेखाच्या शेवटी आभार मानले आहेत ते एकट्या मिकेले बेसो यांचे, म्हणजे विंटेलरांच्या जावयाचे.

यानंतरही नकार थांबले नाहीत. १९०७ मध्ये बर्न विद्यापीठाने अध्यापनाच्या अधिकारासाठी केलेला त्यांचा अर्ज फेटाळला, कारण नियमानुसार लागणारा अप्रकाशित प्रबंध त्यांनी जोडला नव्हता. थोडी कुरकुर करून त्यांनी तो लिहून दिला आणि १९०८ मध्ये तो अधिकार मिळवला. १९०९ मध्ये ते झुरिक विद्यापीठात प्राध्यापक झाले, मग प्राग येथे गेले. १९१२ मध्ये ते झुरिकला परतले ते थेट पॉलिटेक्निकमध्ये, सैद्धान्तिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. सतरा वर्षांपूर्वी ज्या संस्थेने त्यांना परत पाठवले होते, तीच ही संस्था. ग्रोसमान तेथे गणिताचे प्राध्यापक होते, आणि सामान्य सापेक्षतेसाठी लागणारे गणित हाती यावे म्हणून आइन्स्टाइन पुन्हा त्यांच्याकडेच गेले.

१९५५ साली त्या संस्थेला शंभर वर्षे झाली. शताब्दीच्या निमित्ताने आइन्स्टाइन यांनी आपल्या विद्यार्थिदशेचे एक छोटे टिपण लिहिले. तेव्हा ते अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे होते, आणि १८ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे हे आयुष्याच्या अगदी अखेरचे लिखाण. जगभर कीर्ती झालेल्या माणसाला तेथे जुना हिशेब चुकता करता आला असता, संस्थेची चूक दाखवता आली असती. त्यांनी तसे केले नाही. १८९५ सालचे आपले अपयश पूर्णपणे न्याय्य होते, आपली तयारी अपुरी होती, असे त्यांनी नमूद केले. वेबर यांच्या निरोपाने मिळालेला दिलासा साठ वर्षांनंतरही त्यांच्या स्मरणात होता. हर्झोग यांनी सुचवलेली आराऊची शाळा, तिचे मोकळे वातावरण आणि शिक्षकांची साधी तळमळ यांविषयी त्यांनी कृतज्ञतेने लिहिले. मित्राच्या वह्यांचा आणि मित्राने मिळवून दिलेल्या नोकरीचा उल्लेखही त्यात आहे.

कर्तृत्वाच्या शिखरावरून मागे पाहताना त्यांना स्वतःचे यश कमी आणि ती चार माणसे अधिक आठवली. एकाने नकार देताना वाट दाखवली, दुसऱ्याने आपल्या वर्गाचे दार किलकिले ठेवले, तिसऱ्याने घरात जागा दिली, चौथ्याने वह्या दिल्या आणि वेळ आली तेव्हा शब्द टाकला. पडल्यानंतर पुन्हा बाकावर बसण्याचे धैर्य मात्र त्या मुलाचे स्वतःचे होते. प्रवेशयादीत नाव नसलेला मुलगा घरी येतो, तेव्हा त्याला गणितात नापास झालेल्या आइन्स्टाइनची खोटी गोष्ट सांगण्याचे कारण नाही. खरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे, आणि तिच्यात त्याच्याइतकेच काम आजूबाजूच्या मोठ्या माणसांनाही आहे.